प्रकल्प नोंदी: दोन घरं, नऊ अलार्म आणि गुळाची पोळी

३ जानेवारी २०२२, सोमवार

बँक हॉलिडे, बाहेर पाऊस, म्हणून शेवटी हे काम काढलं. १ फेब्रुवारीपासून स्कॉटलंडमधल्या प्रत्येक घरात एकमेकांशी जोडलेले अलार्म हवेत, मग घरात मालक राहत असो की भाडेकरू. बसायच्या खोलीत एक स्मोक अलार्म, प्रत्येक मजल्याच्या हॉलमध्ये किंवा लँडिंगवर एकेक, स्वयंपाकघरात हीट अलार्म. एक वाजला की सगळे वाजले पाहिजेत. बॉयलर किंवा फायरप्लेस असेल तिथे कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा; तो बाकीच्यांशी जोडलेला नसला तरी चालतो.

नियमाचं मूळ २०१७ सालच्या लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत. चौथ्या मजल्यावरच्या एका फ्रिजपासून सुरू झालेल्या त्या आगीत ७२ माणसं गेली. स्कॉटलंडची मूळ मुदत फेब्रुवारी २०२१ होती, कोविडमुळे वर्षभर पुढे ढकलली. ते वर्ष आम्ही छान वाया घालवलं.

कायद्यात हे सगळं 'टॉलरेबल स्टँडर्ड' या नावाखाली येतं. म्हणजे घर 'चालवून घेण्याजोगं' हवं. बावीस वर्षांचं कर्ज काढून घेतलेल्या घराला सरकारने दिलेलं हे सर्टिफिकेट.

सध्याची परिस्थिती: एडिनबरातल्या कॉर्स्टॉर्फिनच्या आमच्या राहत्या घरात एकच अलार्म आहे. तो स्वयंपाकघरातल्या तिसऱ्या ड्रॉवरमध्ये, सेलोटेप आणि जुन्या चाव्यांच्या शेजारी पडलाय. बॅटरी काढलेली. गेल्या दिवाळीत चकल्या तळताना तो तीनदा कोकलला, तेव्हा मीच खुर्चीवर चढून उतरवला होता आणि पुन्हा लावायचा राहिला. याच शहरातला लीथचा फ्लॅट भाड्याने दिलेला आहे, तिथे विजेच्या लाइनवरचे अलार्म आहेत. भाड्याच्या घरांना जोडलेल्या अलार्मचा नियम आधीपासूनच होता, त्यामुळे ते घर निदान कागदावर तरी ठीक.

५ जानेवारी, बुधवार

खरेदी. सगळं स्कॉटलंड एकाच आठवड्यात जागं झालेलं दिसतंय. दोन दुकानांत माल संपलेला, तिसरीकडे 'फेब्रुवारीत येईल'. चौथ्या ठिकाणी मिळाले. दहा वर्षं चालणाऱ्या सीलबंद बॅटरीचे, आपापसांत रेडिओने बोलणारे. वायफाय लागत नाही, ॲप नाही, हे मला फार आवडलं. विजेच्या लाइनवरचे घेतले तर इलेक्ट्रिशियन लागतो, हे आपण स्वतः लावू शकतो. बॅटरी काढताच येत नाही. माझ्यासारख्यांना ओळखूनच ही अट घातलेली असावी.

ऑर्डर देताना नवऱ्याशी दहा मिनिटं वाद. तो म्हणे हॉलमध्ये एकच हवा, तू दोन का घेतेस? मग लक्षात आलं की तो मराठीत वाचत होता. इथला 'हॉल' म्हणजे दारातून आत आल्यावरचा आपला पॅसेज. आपला हॉल म्हणजे इथली 'लिव्हिंग रूम'. दोन्हीकडे एकेक हवा. घरासाठी तीन स्मोक, एक हीट, एक कार्बन मोनॉक्साइड. एकूण २१२ पौंड. सरकारने तीन बेडरूमच्या घरासाठी २२० पौंडांचा अंदाज दिलाय, म्हणजे आपण फसलो नाही.

१० जानेवारी, सोमवार

काल न्यूयॉर्कमध्ये ब्राँक्सला एका १९ मजली इमारतीत आग लागली. १७ माणसं गेली, त्यात ८ मुलं. एका घरातल्या इलेक्ट्रिक हीटरने पेट घेतला, आपोआप बंद व्हायला हवं ते दार उघडंच राहिलं आणि धूर जिन्याने वरपर्यंत गेला. बातमीतलं एक वाक्य दिवसभर डोक्यातून जात नाहीये: अलार्म वाजले होते. पण त्या इमारतीत ते सारखेच वाजायचे, म्हणून सुरुवातीला बऱ्याच जणांनी लक्षच दिलं नाही.

दुपारी तिसरा ड्रॉवर उघडून त्या जुन्या अलार्मकडे जरा वेळ बघत बसले. कामाच्या वहीत वर एक ओळ टाकली: 'नियमाप्रमाणे लावणं सोपं. उगाच वाजणार नाही असा लावणं हेच खरं काम.'

लीथच्या भाडेकरूंना मेसेज केला: शनिवारी अकरा वाजता येते, चालेल का. इथल्या भाडेकरारात किमान ४८ तास आधी कळवावं लागतं.

१४ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत. पार्सल बुधवारीच आलंय. आज प्रयोग.

आधी सिद्धान्त, लेकीला समजावला तसाच इथे लिहिते. आजकालचे स्मोक अलार्म ऑप्टिकल असतात. आत एक काळी डबी, तिच्यात एक छोटा दिवा, आणि दिव्याचा प्रकाश थेट पडणार नाही अशा कोनात बसवलेला डोळा. डबी स्वच्छ असेल तर डोळ्याला काही दिसत नाही. धूर शिरला की त्याच्या कणांवर प्रकाश आपटून विखुरतो, डोळ्याला चमक दिसते आणि अलार्म बोंब मारतो. कवडशात धूळ दिसते तसंच. आता गोम अशी की त्या डोळ्याला सोफा जळतोय की हिंगाची फोडणी पडलीय, हे कळत नाही. तेलाची वाफ त्याला धुरासारखीच चमकते. म्हणून स्वयंपाकघरात स्मोक अलार्म लावायचाच नाही. तिथे हीट अलार्म. त्याला धुराशी देणंघेणं नाही. छताजवळची हवा साधारण ५८ अंशांवर गेली की तो वाजतो.

प्रयोग १: गुळाच्या पोळ्या. ज्यांनी केल्यात त्यांना सांगायला नको. एका पोळीची कड फुटते, गूळ तव्यावर येतो, करपतो आणि निळा धूर थेट छताला. आई (सासूबाई) लाटत होत्या, मी भाजत होते. हीट अलार्म तात्पुरता डबल टेपने छताला, शेजारी ओव्हनचा थर्मामीटर. चौथी पोळी फुटली. धूर डोळ्यांत जाईल इतका. छताजवळ तापमान: ३३ अंश. हीट अलार्म गप्प. पॅसेजमध्ये स्टुलावर ठेवलेला स्मोक अलार्म, स्वयंपाकघराचं दार बंद: गप्प. दार उघडं: ५० सेकंदांत वाजला.

आई म्हणाल्या, "पोळीला बोलावणं धाडलंस की काय?"

निष्कर्ष: पॅसेजमधला अलार्म स्वयंपाकघराच्या दारापासून जितका लांब तितका बरा. आणि फोडणीच्या वेळी दार लावायचं, हे मला कुणी पाच वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

प्रयोग २, संध्याकाळी: देवघर. ते बसायच्या खोलीत आहे आणि नियमाप्रमाणे तिथेच स्मोक अलार्म यायचा. दोन मीटरवर धरून पाहिलं. निरांजन: काही नाही. एक उदबत्ती: काही नाही. कापूर: मला वाटलं हा नक्की वाजवणार, पण नाही. कापराची काजळी काळी आणि बारीक, ती प्रकाश गिळते, फारसा परतवत नाही. निखाऱ्यावर घातलेला ऊद: चार मिनिटांत बोंब. पांढरा दाट धूर, नेमका त्या डोळ्याला हवा तसा. याचा दुसरा अर्थ असा की धुमसणारी गादी हा अलार्म लवकर पकडेल, भडकलेली आग थोडी उशिरा. तरी झोपेतल्या घराला धुमसणंच जास्त घातक, तेव्हा सौदा वाईट नाही.

१५ जानेवारी, शनिवार

लीथ. भाडेकरू केरळचं तरुण जोडपं, दोघंही नर्स, नाइट शिफ्ट करून आलेली. चहा दिला. पॅसेजमध्ये वर पाहिलं तर अलार्मवर हॉटेलात मिळते तसली प्लॅस्टिकची शॉवर कॅप. रबरबँडसकट, अगदी नीट बसवलेली.

दोघंही ओशाळली. "मॅम, सकाळी ड्युटीवरून येऊन डोसा टाकला की वाजतो. खालच्या मजल्यावरच्या आजी वर येतात." मी काय बोलणार? माझा ड्रॉवरमध्ये आहे, हे सांगून टाकलं. वातावरण निवळलं.

स्टूल घेऊन वर चढले. कॅप काढली. बाजूच्या लेबलवर बारीक अक्षरांत: 'बदला: नोव्हेंबर २०२१'. अलार्मचं आयुष्य दहा वर्षं. विजेवर चालला तरी आतली डबी म्हातारी होते, धूळ बसते, मग तो एकतर उगाच वाजतो नाहीतर वाजायचा तेव्हा वाजत नाही. फ्लॅट घेतला तेव्हा लावलेलेच होते, मी हे लेबल एकदाही वाचलं नव्हतं. दुसरं: हा अलार्म स्वयंपाकघराच्या चौकटीपासून हातभर अंतरावर. तिसरं: स्वयंपाकघरात हीट अलार्म नाहीच, तिथेही स्मोक. म्हणजे कागदावर ठीक असलेल्या माझ्या घरात एक मुदत संपलेला अलार्म चुकीच्या जागी आणि दुसरा चुकीच्या जातीचा. जबाबदारी शॉवर कॅपची नाही, माझी.

त्यांना सांगितलं, महिनाअखेरपर्यंत सगळं बदलते, तोवर कॅप लावू नका, डोसा करताना दार लावा. इलेक्ट्रिशियनला फोन. इथे भाड्याच्या घराची विजेची तपासणी दर पाच वर्षांनी करावीच लागते, आमची मार्चमध्ये येत होती. म्हटलं दोन्ही एकदम उरका. २६ तारीख मिळाली. त्या फ्लॅटसाठी दोन स्मोक, एक हीट, एक कार्बन मोनॉक्साइड अशी दुसरी ऑर्डर.

१६ जानेवारी, रविवार

राहत्या घरात बसवणी. छत प्लास्टरबोर्डचं, काम सोपं. भिंतीपासून आणि दिव्यापासून किमान ३०० मिलिमीटर अंतर, कारण छत आणि भिंतीच्या कोपऱ्यात हवा साचते, तिथे धूर उशिरा पोचतो. पुठ्ठ्याची ३० सेंटिमीटरची पट्टी कापून लेकीच्या हातात दिली. ती शिडीखाली इन्स्पेक्टर. दोन जागा नापास केल्या.

देवघराचा प्रश्न असा सोडवला: अलार्म खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दाराकडे. खोली पावणेपाच मीटर लांब, त्यामुळे एकाच अलार्मच्या टप्प्यात सगळी येते. ऊद मागच्या दारात.

जोडणी: बेसवर फिरवून बसवला की बॅटरी चालू होते. मग प्रत्येकाचं कोडिंगचं बटण दाबून धरायचं; ते एकमेकांना हुडकतात. किती जण सापडले तितक्या वेळा दिवा लुकलुकतो. पहिल्यांदा तीनदाच. लँडिंगवरचा हरवला होता, कारण नवऱ्याने तो बेसवर अर्धाच फिरवला होता. दुसऱ्यांदा चार. मग कोडिंग बंद करायचं, नाहीतर शेजाऱ्यांनी त्यांचे लावले तर तेही आपल्या कुटुंबात येतील.

पॅसेजमधलं बटण दाबलं. एक क्षण तो एकटाच, मग वरचा, मग बसायच्या खोलीतला, मग स्वयंपाकघरातला. चार ठिकाणांहून एकदम. तीन मीटरवर ८५ डेसिबल म्हणजे काय, ते पायऱ्यांवर उभं राहिल्यावर कळतं. कार्बन मोनॉक्साइडचा बॉयलरपासून दीड मीटरवर लावला.

२२ जानेवारी, शनिवार

उठले तो नणंदेचे सात मेसेज. मुंबईत ताडदेवला, भाटिया हॉस्पिटलसमोर, कमला नावाच्या २० मजली इमारतीला सकाळी आग. किमान सहा जण गेले. नणंद तिथून दहा मिनिटांवर राहते, धूर तिच्या गॅलरीतून दिसत होता.

फोन केला. ती म्हणाली, "वहिनी, तू त्या दिवशी पोळीचा व्हिडिओ टाकलास, मी हसले. आमच्याकडे घरात असलं काही नसतंच गं. का नसतं?" महाराष्ट्राचा कायदा २००६ चा आहे, आणि तो इमारतीच्या अग्निशमन यंत्रणेवर भर देतो. ती चालू असल्याचं लायसन्सधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, 'फॉर्म बी', वर्षातून दोनदा द्यायचं असतं, जानेवारीत आणि जुलैत. घराच्या आतल्या बेडरूमपर्यंत कुणी येत नाही. तिला म्हटलं, आत्ता जानेवारीच चालू आहे, सेक्रेटरींना विचार या वेळचा फॉर्म बी दाखवा म्हणून. आणि बॅटरीवरचा स्मोक अलार्म ऑनलाइन मिळतो, एक बेडरूमच्या दाराबाहेर लाव, तुझी फोडणी चार पावलं लांब ठेव. संध्याकाळी तिचा मेसेज: सेक्रेटरी म्हणाले, 'ताई, फाइल शोधून सांगतो.'

रात्री साडेदहाला आमची खरी चाचणी. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवलं, भिंत सामाईक आहे. आई झोपलेल्या, कानातलं मशीन काढून उशाशी ठेवलेलं, दार लावलेलं. लेकही झोपलेली. लँडिंगवरचं बटण दाबून धरलं. चारही सुरू. मी आईंच्या दारात उभी. त्या कुशीवरही वळल्या नाहीत. वय ७४, उंच पट्टीचे आवाज आधी जातात, आणि या अलार्मचा आवाज नेमका उंच पट्टीचा. लेकीच्या खोलीत गेले. तीही गाढ. तिचे कान उत्तम आहेत, वय नऊ.

हा धक्का होता. मग वाचलं: इथून तासाभरावर डंडी विद्यापीठाने केलेल्या चाचण्यांत ३४ पैकी २७ मुलं नेहमीच्या स्मोक अलार्मने उठलीच नाहीत. खालच्या पट्टीचा आवाज आणि त्याबरोबर बाईच्या आवाजातली सूचना असं मिश्रण वाजवलं तेव्हा बहुतेक मुलं उठली. म्हणजे एवढ्या आवाजाचा उपयोग फक्त आम्हा दोघांना. वहीत लिहिलं: अलार्म वाजला की नवरा लेकीकडे, मी आईंकडे. कपडे, फोन, पासपोर्ट काही नाही. आईंसाठी उशीखाली ठेवायचं थरथरणारं पॅड, याच अलार्मशी रेडिओने जोडलं जाणारं. ऑर्डर दिली. महाग आहे. अग्निशमन दलाची माणसं मागणी केल्यावर घरी येऊन फुकट पाहणी करून जातात, त्यांनाही फोन केला.

२६ जानेवारी, बुधवार

लीथचा फ्लॅट. अर्ध्या दिवसाची रजा. सव्वाशे वर्षांची दगडी चाळ म्हणावी अशी इमारत, छत तीन मीटरच्या वर, कडेने प्लास्टरची नक्षी. इलेक्ट्रिशियनने जुने अलार्म लाइनवरून तोडले, तारा सुरक्षित बंद केल्या, वर पांढऱ्या चकत्या बसवल्या. नवीन तारा ओढून जागा बदलायची तर सगळं छत खणावं लागेल, म्हणून इथेही सीलबंद बॅटरीचेच. दोन्ही प्रकार नियमात बसतात.

हे छत प्लास्टरबोर्ड नाही. लाकडाच्या पातळ पट्ट्या एकमेकींच्या शेजारी ठोकलेल्या आणि त्यांवर चुन्याचा गिलावा. ड्रिल दोन पट्ट्यांच्या फटीत गेलं तर स्क्रूला धरायला काहीच नाही, जोर दिला तर तळहाताएवढा पोपडा खाली. पहिलं भोक पाडलं आणि भोकातून काळी भुकटी अंगावर. इलेक्ट्रिशियन हसला, म्हणाला, ही कोळशाच्या शेगड्यांची काजळी, तुमच्या आजीच्या जन्माआधीची. मी नखाने स्क्रूच्या टोकाला लागलेला कण पाहिला: लाकडाचा भुसा म्हणजे पट्टी सापडली, नुसता चुना म्हणजे फट. या पद्धतीने सहापैकी चार भोकं बरोबर. चुकलेली दोन पुटीने भरली, जवळून पाहिलं तर दिसतात.

पॅसेजमधला आता स्वयंपाकघराच्या दारापासून साडेतीन मीटरवर, बेडरूमच्या बाजूला. स्वयंपाकघरात हीट अलार्म, बॉयलरपाशी कार्बन मोनॉक्साइड. भाडेकरूने स्वतः डोसा टाकून दाखवला, तोही तव्यावर तेल जास्त सोडून. शांतता. डोसा मी खाल्ला.

२९ जानेवारी, शनिवार

'मलिक' वादळ. कुंपणाची एक फळी गेली. ॲबरडीनकडच्या मैत्रिणीकडे दिवसभर वीज नाही. अलार्मचं काही काम नाही आज.

१ फेब्रुवारी, मंगळवार

मुदतीचा दिवस. अर्थातच कुणी बघायला आलं नाही. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला लगेच दंड वगैरे नाही. घर विकताना किंवा विम्याच्या वेळी प्रश्न येईल. घरमालकाचं तसं नाही. भाडेकरू ट्रिब्युनलकडे गेला आणि दुरुस्तीचा आदेश पाळला नाही, तर भाडं ९० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतं. लीथच्या अलार्मचे फोटो, लेबलांवरच्या तारखा, चाचणीचा दिवस, सगळं एका फोल्डरमध्ये टाकलं आणि भाडेकरूंनाही पाठवलं. त्यांचं उत्तर: अंगठा आणि शॉवर कॅप कचऱ्याच्या डब्यात असल्याचा फोटो.

४ फेब्रुवारी, शुक्रवार

माघी गणेश जयंती. आरती बसायच्या खोलीत, कापूर तिथेच, अलार्म गप्प. ऊद घेऊन आई मागच्या दारात उभ्या राहिल्या, बाहेर दोन अंश, अंगावर नवऱ्याचं जाकीट. "तुमच्या त्या डोळ्याच्या नादात देवाला सर्दी व्हायची," म्हणाल्या.

पॅड सकाळीच आलं होतं. उशीखाली ठेवलं, त्यांना मशीन काढून आडवं व्हायला सांगितलं, बटण दाबलं. ताडकन उठून बसल्या आणि आधी मलाच ओरडल्या. पास.

उरलेली कामं: पॅडची तार पलंगाच्या पायाशी बांधणे. दर रविवारी सकाळी एक बटण, पाळीपाळीने. तक्ता फ्रिजवर, पहिली सही लेकीची. नणंदेला फॉर्म बीचं परत विचारणे. तिसऱ्या ड्रॉवरमधला जुना अलार्म इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात देणे. नव्या प्रत्येकाच्या बाजूला मार्करने मोठ्या अक्षरांत तारीख घातली, शिडी न लावता खालून वाचता येईल अशी: जानेवारी २०३२.